बिल्ल्यापलीकडची जबाबदारी

शाळेत विद्यार्थी परिषदेची निवडणूक होते. निवडून आलेल्या प्रतिनिधीच्या छातीवर बिल्ला लावला जातो, टाळ्या वाजतात. आणि पुढे वर्षभर स्नेहसंमेलनाच्या तयारीपलीकडे त्या बिल्ल्याला फारसे काम उरत नाही. समाजसेवेचीही बहुधा तीच गत होते. एका दिवसाची ग्रामभेट, हाती झाडू घेतलेले छायाचित्र आणि वहीत नोंदलेले तास! अधिकार आणि सेवा यांची फारकत झाली, की दोन्ही शोभेपुरती उरतात.

कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी हे ओळखले होते. १९२० साली सुरू झालेल्या झालेम येथील शाळेत त्यांनी कामकाजाच्या खऱ्या जबाबदाऱ्या विद्यार्थ्यांवर सोपविल्या. १९३२ साली हिटलरने खून करणाऱ्या आपल्या अनुयायांची उघड पाठराखण केली. तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना बजावले, की नाझी पथकांत असणाऱ्यांनी हिटलरशी तरी नाते तोडावे किंवा शाळेशी. १९३३ साली त्यांना अटक झाली आणि त्याच वर्षी देशही सोडावा लागला. जबाबदारीचे शिक्षण किती दूरवर पोहोचावे लागते, हे यावरून कळते.

त्यांच्याच विचारांतून १९६२ साली वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज ही आंतरराष्ट्रीय निवासी शाळा उभी राहिली. अनेक देशांतून आलेले विद्यार्थी तेथे शिकत आणि समुद्रात संकटात सापडलेल्यांच्या मदतीला बचावनौका घेऊन जात. तेथील बचावनौका केंद्र १९६३ पासून २०१३ पर्यंत चालू होते. समुद्र कोणाचे पद पाहत नाही की सेवेचे तास मोजत नाही. दोरखंड तपासण्यात हयगय झाली, तर किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. ही जाणीव हेच तेथील खरे शिक्षण होते.

या शाळेपासून सुरू झालेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज परिवाराची भारतातील शाखा १९९७ साली पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात सुरू झाली. आज देशात अनेक आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. त्यांच्यापैकी ज्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा पदविका अभ्यासक्रम शिकवतात, तेथे सेवाकार्याला गुण नसले, तरी ते केल्याखेरीज पदविका मिळत नाही. येथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. बुडणारा माणूस मदतीसाठी हाक मारतो. शेजारच्या गावाने मात्र शाळेला हाक मारलेली असतेच असे नाही. न विचारता रंगविलेल्या भिंतीने गावाची कोणती गरज भागते? म्हणून सेवेचा आरंभ गावकऱ्यांचे ऐकून घेण्यापासून व्हावा. कामाची निवड, खर्चाचा हिशेब आणि अपयशाचा जाब या तिन्ही गोष्टी विद्यार्थी परिषदेकडे असाव्यात. वर्षाअखेर तिने तो हिशेब शाळेपुढे आणि गावापुढेही मांडावा.

मुले अपरिपक्व असतात, त्यांच्या हातून चुका होतील, असा आक्षेप घेतला जाईल. चुका होतीलच, आणि जेथे दुसऱ्याचे नुकसान संभवते, तेथे शिक्षकांची देखरेख हवीच. परंतु भारतात अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. सतराव्या वर्षापर्यंत एकही निर्णय ज्याने स्वतः घेतला नाही आणि त्याचे फळ भोगले नाही, त्याच्याकडून दुसऱ्याच वर्षी विवेकी नागरिकत्वाची अपेक्षा कशी करावी? बिल्ला शाळा सोडताना परत करावा लागतो. जबाबदारीची सवय मात्र जन्मभर सोबत राहते.