गच्चीवरचे विमान, चौपाटीची आख्यायिका आणि ओझरचा शिक्का

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडवले, ते पंधराशे फूट उंच गेले आणि राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी एका मराठी माणसाने आकाश जिंकले, ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. त्यावर २०१५ मध्ये हिंदी चित्रपटही निघाला. कथेत स्थळ आहे, साल आहे, उंचीचा आकडाही आहे. नाही ते एवढेच: विमानाचा आराखडा, त्याचे वजन, पंखांची लांबी-रुंदी, शक्तीचा स्रोत आणि उड्डाणाच्या दिवशी कोणी तरी हाताने लिहून ठेवलेली नोंद.

आता दुसरी बाजू पाहावी. ओहायो राज्यातील डेटन येथे सायकलींचे दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी १९०१ मध्ये स्वतःचा छोटा वायुबोगदा तयार केला आणि पंखांचे नमुने त्यात एकामागून एक ठेवून आकडे टिपले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूत त्यांचे यंत्र प्रथम उडाले, तेव्हा ते १२ सेकंद हवेत होते आणि केवळ १२० फूट गेले. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे झाले. त्यानंतर वाऱ्याच्या एका झोताने यंत्र उलथून मोडले, आणि हेही त्यांनी नोंदवून ठेवले. राइट बंधूंचे आकडे इतके किरकोळ आहेत की ते खोटे वाटत नाहीत. पराक्रम रचणारा माणूस १२० फुटांवर कधी थांबत नाही.

तळपदे यांच्या बाबतीत एक जुना, पण क्वचित वाचला जाणारा निर्वाळा उपलब्ध आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची चिकित्सा केली. हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ग्रंथ सांगणाऱ्या सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी काही प्रतिकृती तयार केल्या, पण त्यांतली एकही उडाली नाही, अशी माहितीही त्या निबंधात येते. म्हणजे तळपदे हे कल्पित पात्र नव्हते. ते धडपडणारे, जिज्ञासू गृहस्थ होते, आणि त्यांचा प्रयत्न फसला. फसलेल्या प्रयत्नाची प्रामाणिक कथा आपल्याला पुरेशी वाटली नाही, म्हणून आपण तिला पंधराशे फूट वर चढवले.

ही केवळ इतिहासाच्या अभ्यासकांची किरकिर समजू नये. विमान घरी बांधण्याची ओढ महाराष्ट्रात आजही जिवंत आहे, आणि मागच्या कथा कशा सांगितल्या जातात यावर पुढच्या बांधणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात चोवीस वर्षांचा एक वेल्डर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. यंत्र जमिनीवरच होते. मागच्या छोट्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले आणि आत बसलेल्या तरुणाला प्राणघातक इजा झाली. त्याच्या मृत्यूनंतर त्याला चित्रपटातल्या ‘रँचो’ची उपमा देण्यात आली. त्याच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पत्रा, पाइप आणि मोटारीचे इंजिन यांपासून असे यंत्र उभे करणे सोपे नसते. प्रश्न वेगळाच आहे. वरचा पंखा एका दिशेने फिरू लागला की हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. ते रोखण्यासाठी शेपटीचा पंखा असतो. त्याची पाती प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि सरळ होतात, आणि धातूला डोळ्यांना न दिसणारा थकवा येतो. म्हणून जगभर फिरती पाती प्रथम मोकळ्या चौथऱ्यावर, यंत्राला जखडून, आडोशामागून चालवून पाहतात. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात आसनावर माणूस असण्याची गरजच नसते. हे त्या तरुणाला सांगू शकेल असे अधिकृत ठिकाण त्याच्या जिल्ह्यात नव्हते, आणि राज्यातही हौशी बांधणाऱ्याने सहज दार ठोठवावे असे ते नव्हते.

धाडस आणि हातोटी यांनीच भागते, हा समज केवळ भारतीय नाही. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये ‘पू द्यू सिएल’, म्हणजे ‘आकाशातील ऊ’, हे चिमुकले विमान उडवले आणि पुढल्याच वर्षी ते घरी कसे बांधावे याचे पुस्तक काढले. ज्याला लाकडी खोके ठोकता येते त्याला विमानही बांधता येते, असा त्यांचा एकूण सूर होता. लोकांनी अंगणात, गॅरेजमध्ये विमाने बांधायला घेतली. लवकरच ती जमिनीत नाक खुपसून कोसळू लागली. कित्येक अपघातांत चालक अनुभवी होते आणि बांधणीत दोष नव्हता, तरीही. अखेर इंग्लंडमधील फार्नबरो आणि फ्रान्समधील शाले-मदों येथील मोठ्या वायुबोगद्यांत हे विमान तपासण्यात आले. पुढच्या आणि मागच्या पंखांमधील अंतर असे होते की विमानाचे नाक एका मर्यादेपलीकडे खाली झुकले की मागच्या पंखाची उचल वाढे, आणि चालकाने काहीही केले तरी नाक वर येत नसे. दांडा पूर्ण ओढलेला, समोर जमीन. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये या विमानाला परवाने देणे थांबले.

मिन्ये लबाड नव्हते. ते स्वतः हेच विमान उडवत असत आणि सुखरूप उतरत असत. पण एका माणसाच्या सुखरूप उतरण्यावरून यंत्राविषयी फारच थोडे कळते. चूक शोधण्यासाठी मोजणारी संस्था लागली, आणि ती उशिरा आली.

आराखडा उत्तम असला तरी एवढासा बदल पुरतो, याचे उदाहरण अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांच्या मृत्यूत सापडते. ऑक्टोबर १९९७ मध्ये त्यांचे लाँग-ईझी विमान कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात कोसळले. हे विमान दुसऱ्याने घरी बांधलेले होते आणि डेन्व्हर यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची झडप मूळ आराखड्यात चालकाच्या पायांजवळ होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. ती फिरवण्यासाठी मागे वळावे लागे, आणि वळताना उजवा पाय नकळत सुकाणूच्या पॅडलवर दाबला जाई. एक झडप, एक हातभर अंतर.

आता कॅप्टन अमोल यादव यांच्याकडे येऊ. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर या व्यावसायिक वैमानिकाने सहा आसनी विमान बांधले. ते सुटे करून क्रेनने खाली उतरवण्यात आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, राज्य शासनाने त्यांच्याशी पालघर जिल्ह्यात विमाने तयार करण्याचा पस्तीस हजार कोटी रुपयांचा सामंजस्य करारही केला.

मराठी माध्यमांनी या कथेचे दोनच अर्थ लावले: एक, गच्चीवरचा चमत्कार, दोन, हुशार माणूस विरुद्ध लाल फीत. दुसऱ्या अर्थात बरेच तथ्य आहे. कागद टेबलावर पडून राहणे आणि विमान तपासले जाणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीला दुसरीचे नाव देता येत नाही. तरीही यादव यांच्या कामगिरीतला सर्वांत मोलाचा भाग गच्ची नव्हे. त्यांनी नोंदणी, परवाना, धावपट्टीवरची चाचणी असा सगळा कंटाळवाणा प्रवास पूर्ण केला, हा आहे. तळपदे यांच्या कथेत जे नाही ते यादव यांच्याजवळ आहे: तारीख, क्रमांक, आणि ‘हे खोटे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार असलेल्या तिऱ्हाइताची सही. प्रदर्शनात मात्र गर्दी गच्चीच्या गोष्टीची झाली. सहीसमोर सेल्फी कोण काढणार?

पस्तीस हजार कोटींच्या आकड्याविषयी एवढेच म्हणावे की पंधराशे फुटांचा मोह आपल्याला अजून सुटलेला नाही.

या स्मरणव्यवहारात विष्णू माधव घाटगे हे नाव कुठेच येत नाही, ही विलक्षण गोष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्याकडे डॉक्टरेट केली. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत प्रांट्ल यांची गणना होते. परतल्यावर घाटगे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले, आणि त्यांनी आरेखित केलेले एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. १९५८ मध्ये ‘पुष्पक’ आले. कापडी आवरणाचे, दोन आसनांचे हे हलके विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले आणि त्यावर अनेकांनी उड्डाणाचे पहिले धडे घेतले. लहान विमान सुरक्षितपणे कसे उडवावे याची मराठी परंपरा हवी असेल तर ती येथे आहे, आकड्यांसह. घाटगे यांच्यावर चित्रपट निघत नाही, कारण त्यांच्या गोष्टीत कोणी अन्याय केलेला नाही आणि विमान खरोखर उडालेले आहे.

मग नाशिक कशासाठी? नाशिकजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर आहे. सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर १९६४ मध्ये तेथे मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला अशी विभागणी होती. पुढे मिग-२७ आले, सुखोई-३० आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला बांधलेल्या तेजसने तेथूनच पहिले उड्डाण केले. ओझरवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की तेथे दशकानुदशके परक्या आराखड्यांचीच बांधणी झाली. आक्षेप खरा आहे. पण परवान्यावरचे विमान बांधतानाही एक विद्या अंगी मुरते, आणि तिला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. ती तपासणीची विद्या. पाळी संपताना प्रत्येक हत्यार जागेवर आहे की नाही हे मोजायचे, कारण विसरलेला पाना सुकाणूच्या तारेत अडकू शकतो. प्रत्येक जोडाखाली करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची वेगवेगळी खूण असायची. ‘मला वाटते घट्ट आहे’ या वाक्याला तेथे किंमत नसते. किती बलाने आवळले तो आकडा लिहावा लागतो.

साठ वर्षांत या कारखान्यातून निवृत्त झालेले कितीतरी फिटर, वेल्डर, निरीक्षक आज ओझरला, पंचवटीला, नाशिकरोडला राहतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत बारीक मापाचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. ब्रिटनमध्ये हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली. आज लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या नावाने ती काम करते आणि तिचे निरीक्षक बांधणी चालू असतानाच टप्प्याटप्प्याने येऊन पाहतात. पंखावर आवरण चढण्यापूर्वी, म्हणजे आतले दिसत असताना. अमेरिकेत १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी काढलेल्या संघटनेतही बांधणीचे आणि पहिल्या उड्डाणाचे स्वयंसेवी सल्लागार असतात. तेथे नव्या घरगुती विमानाला साधारणतः २५ ते ४० तास ठरलेल्या क्षेत्रात, प्रवाशाविना उडून स्वतःला सिद्ध करावे लागते. अशी संघटना महाराष्ट्रात निघायची असेल तर तिचा पत्ता नाशिकचा असावा.

यावर तीन हरकती येतील. ओझर हा संरक्षण खात्याचा परिसर आहे. नाशिकरोडला गांधीनगरच्या तळावर लष्कराच्या हवाई दलाचे प्रशिक्षण चालते, त्यामुळे तेथील आकाश हौशी विमानांना मोकळे नाही. आणि परवाना देण्याचा अधिकार दिल्लीचा आहे. तिन्ही बरोबर आहेत. पण तपासणीला आकाश लागत नाही. त्यासाठी शेड पुरते. उड्डाणासाठी धुळ्याची धावपट्टी आहेच, यादव यांनी ती वापरून दाखवली. संघटनेने परवाना द्यावा असेही कोणी म्हणत नाही. तिने वही तयार करावी, जी पाहून दिल्लीतल्या अधिकाऱ्याला निर्णय घेता येईल आणि निर्णय टाळणे अवघड जाईल.

खर्च फारसा नाही. विटांची जाड भिंत, तिच्यामागे उभे राहून इंजिन आणि पाती चालवता येतील असा चौथरा, चार काटे असलेला वजनकाटा, ज्यावर विमानाचा गुरुत्वमध्य काढता येईल, आणि आठवड्यातून दोन दिवस येऊन बसणारे तीन निवृत्त निरीक्षक. यवतमाळहून नाशिकला रात्रीची बस येते.