खाडाखोड आणि दुरुस्ती



नाशिक रोडच्या शाखेत रुजू झालो तेव्हा वरिष्ठांनी पहिला धडा दिला : खातेवहीत खाडाखोड करावयाची नाही. चुकीच्या आकड्यावर रेघ ओढावी, शेजारी योग्य आकडा लिहून सही करावी. चूकही वाचता आली पाहिजे.

गतवर्षी एका लहान न्यासाच्या हिशेबात बँकेची शिल्लक वहीपेक्षा 9,000 रुपयांनी कमी निघाली. वृद्ध खजिनदारांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. फरकाला नऊने भाग जातो म्हणून मी आकड्यांची अदलाबदल शोधली. पावतीच्या स्थळप्रतीवर 12,000 होते, संगणकात 21,000. खजिनदारांचे डोळे भरून आले.

असा घोळ त्याच दिवशी उघड करणारी सोय ‘एचलेजर’ या विनामूल्य प्रणालीत आहे. सायमन मायकेल यांनी 2007 मध्ये ती सुरू केली. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावयाच्या आणि आज्ञा टंकून ताळेबंद मागावयाचा. नोंदीपुढे बरोबरीचे चिन्ह देऊन पासबुकातील शिल्लक लिहिली, की ती न जुळताच प्रणाली थांबते व चुकीची ओळ दाखवते. लाख-कोटींचे आपले स्वल्पविरामही तिला समजतात.

मात्र साधी फाइल कोणीही गुपचूप बदलू शकतो. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ‘गिट’ ही प्रणाली जोडीला घ्यावी. कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत बदलांची अशी नोंद 1 एप्रिल 2023 पासून सक्तीची आहे. लहान न्यासांनी ती स्वेच्छेने ठेवावी. प्रामाणिक माणसाचे तेच संरक्षण आहे.