संध्याकाळनंतर बाहेर पडता येतं का?

मैत्रिणींनो, मला सिनेमाचं किती वेड आहे हे या सदराच्या जुन्या वाचकांना सांगायला नको. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी अर्ध्या सिनेमाची गोष्ट सांगून मोकळी होते, असं आमच्या घरी म्हणतात. आज मात्र या वेडाचा थोडा हिशेब मांडायचा आहे. निमित्त माझ्या भाचीचं.

माझं माहेर वडसा, कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. सासर चंद्रपूर. भाची वडशालाच शाळेत शिकवते. गेल्या श्रावणात तिला पुण्याकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा चांगला, माणसं शिकलेली. फोटो पसंत पडला, पत्रिका जुळली, आणि मग मुलाच्या आईंचा फोन आला. दादा घरी नव्हता, वहिनी पाहुण्यांच्या गडबडीत, म्हणून तो मी घेतला. बाई फार सौजन्यानं बोलल्या. म्हणाल्या, "राग मानू नका हं, पण उद्या सणावाराला, बाळंतपणाला येणं-जाणं होणारच. तुमच्याकडे संध्याकाळनंतर बाहेर पडता येतं का? आम्ही सिनेमात पाहिलंय, म्हणून विचारते."

मी "येतं की!" म्हटलं आणि पुढं काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुरू झाला. भाची शांतपणे वह्या तपासत होती. म्हणाली, "आत्या, काहून एवढी चिडतेस? त्यांनी सिनेमा पाह्यला. आपण इथं राह्यतो. फरक पडणारच."

मैत्रिणींनो, रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी मलाच एक गोष्ट आठवली. माझ्या चुलतबहिणीच्या मुलीला एकदा भिंडकडचं स्थळ आलं होतं. तेव्हा "अगं बाई, चंबळच्या डाकूंच्या मुलखात मुलगी देता?" असं म्हणणारी पहिली मीच! चंबळ मी कुठं पाहिली होती? पडद्यावर. डाकू म्हटलं की ज्याची आठवण सगळ्यांना आधी होते, त्या १९७५ सालच्या 'शोले'तलं रामगढ तर उभं केलं होतं कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत. चंबळचा आणि त्या खडकांचा संबंध नाही. पण माझ्या डोक्यात डाकूंचा मुलूख म्हणजे तो. मग पुण्याच्या त्या बाईंना नावं ठेवायला मी कोण?

तेव्हापासून मी आपल्याकडच्या जंगलावरचे सिनेमे पुन्हा काढून पाहिले. या वेळी हिरोकडे नाही, एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवलं: त्या मुलखातली बाई काय करताना दिसते?

पहिला अर्थातच २०१४ सालचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हिरो'. समृद्धी पोरे यांचं दिग्दर्शन, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाची ही गोष्ट. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. मंदाताई स्वतः डॉक्टर, भूल देण्यातल्या तज्ज्ञ. नवं लग्न झालेली बाई वीज नाही, रस्ता नाही अशा जागी संसार मांडते आणि कंदिलाच्या उजेडात दवाखाना चालवते. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांच्या नावे मिळाला, हे ध्यानात ठेवा. सिनेमाच्या नावात हिरो एकच असला, तरी पाहताना मला तो जोडीचाच सिनेमा वाटला. पण माडिया बायका त्यात बहुतेक पेशंट म्हणून येतात. त्यांच्या चुलीपर्यंत, त्यांच्या गप्पांपर्यंत काही आपण पोचत नाही.

दुसरा 'न्यूटन', २०१७ सालचा. दिग्दर्शक अमित मसुरकर. दंडकारण्यातल्या एका मतदान केंद्राची गोष्ट, मतदार अवघे ७६. चित्रण छत्तीसगडमध्ये झालं, पण ते रान आणि आपल्या एटापल्ली-भामरागडचं रान एकमेकांना लागूनच. त्यात मलको नावाची आदिवासी शिक्षिका आहे. काम केलंय आपल्या अंजली पाटीलनं. बाहेरून आलेल्या साहेबांना गोंडी येत नाही आणि गावातल्या माणसांना साहेबांची भाषा कळत नाही. या दोघांच्या मध्ये उभी असते मलको. ती घाबरत नाही आणि भाषणही ठोकत नाही. काम करते आणि वेळ झाली की घरी जाते. मी तर तिच्यात आमची भाचीच पाहिली.

मसुरकरांचाच २०२१ चा 'शेरनी'. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीची आठवण करून देणारा. चित्रण मध्य प्रदेशातलं. विद्या बालन वनाधिकारी झाली आहे, पण माझ्या मनात राहिली ती गावातली ज्योती. ताडोबाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बहिणींना वेगळं सांगायला नको. चैत्रात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे टोपली घेऊन निघावंच लागतं, कारण वर्षाचं मीठ-मिरची त्यावर. वाघाच्या हल्ल्यात ज्या जातात, त्यांत या बायका असतात. बाहेरच्यांना तो थरार वाटतो. त्यांच्यासाठी ती मजुरी आहे.

म्हणजे आपल्याकडे सगळं आलबेल आहे, असं मी पुण्याच्या बाईंना सांगावं का? नाही. १९८० च्या सुमारास गडचिरोलीच्या रानात बंदुका आल्या आणि त्यांनी किती घरं उजाड केली हे आपण जाणतो. १ मे २०१९ ला आमच्या शेजारच्या कुरखेडा तालुक्यात सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांचा गाडीचालक गेला. तिकडे महाराष्ट्र दिनाचे झेंडे होते आणि इकडे घरोघर रडारड. सिनेमात दाखवतात ते खोटं नाही. पण तेवढंच खरं नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि मग मला एकदम आठवलं, की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तर आमच्या वडशातच आहे!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचं मोठं ठाणं म्हणजे वडसा. इथं नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो थेट उन्हाळा लागेपर्यंत. जुन्या दंडारीतून वाढत आलेली ही रंगभूमी. नाटक सुरू होतं रात्री दहाच्या पुढं आणि संपतं तांबडं फुटताना. पुण्या-मुंबईचे कलावंतही इथं कामाला येतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे घरोघर पेढे वाटल्यासारखा आनंद होता.

आणि बघायला कोण? निम्म्याहून जास्त बायका! लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, नव्या नवऱ्या. सतरंजी, शाल, थर्मासात चहा, मांडीवर झोपलेलं पोर. नाटकात सासू सुनेला छळायला लागली की प्रेक्षकांतून कुणी आजी मोठ्यानं दम देते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि गंमत म्हणजे कितीतरी सोयरिकी याच मंडईत जुळतात. सिनेमाचं वेड मला लागलं ते मुळात इथं, आईच्या शालीत. गोष्ट एकटीनं नाही, सगळ्यांनी मिळून पाहायची असते, हे मी तिथं शिकले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या बाईंना पत्रच लिहिलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही. खरं ते सगळं लिहिलं: बंदुकांचं, वाघाचं, आणि मंडईचंही. शेवटी लिहिलं, "दिवाळीनंतर दोन दिवस काढून या. नाटक रात्री दहाला सुरू होतं. आपण दोघी जाऊ." वेळ मुद्दाम लिहिली.

उत्तर अजून यायचं आहे. भाची म्हणते, "आले तर सतरंजी मोठी ने. नाही आले तर मी आहेच की तुझ्यासोबत." तिच्या मनात काय आहे, ते मी विचारलं नाही. विचारायची वेळ आली की तीच सांगेल.

तुम्हांला मात्र या वेळी एक काम सांगते. मुलांबरोबर एखाद्या परक्या मुलखावरचा सिनेमा पाहाल, तेव्हा जेवताना सहज विचारा: हा कुठं काढला असेल? तिथली बाई सकाळी उठून काय करत असेल? तिला बोलायला किती वेळ मिळाला? दहा मिनिटांची गप्पा होईल, पोळीही गरम राहील. आणि उद्या त्या मुलखातलं स्थळ सांगून आलं, तर फोनवर काही विचारण्याआधी तुम्ही एक क्षण थांबाल.

मी थांबले नव्हते. भिंडचं ते स्थळ आम्ही नाकारलं होतं.