दोन आकड्यांमधली रेघ

भाषेवर अन्याय करायला फार मोठे हत्यार लागत नाही; एक आडवी रेघ पुरते. ही रेघ मी स्वतः कित्येक वर्षे मारीत आलो आहे, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध चार शब्द बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे असे मी समजतो. मोबाईलवरची अ‍ॅप्स तयार करणे हा माझा धंदा. दिवाळीच्या फराळाबरोबर धंद्याचे रडगाणे वाढू नये हे मला कळते; पण ही गोष्ट केवळ माझ्या धंद्याची नाही, ती तुमच्या खिशातल्या पडद्यावर रोज घडते आहे.

गेल्या पावसाळ्यात आईच्या हाडांची तपासणी केली. आई निवृत्त शिक्षिका. गणित शिकवण्यात तिची हयात गेली. तपासणीचा निकाल एका अ‍ॅपवर आला आणि तो तिने माझी वाट न पाहता स्वतःच वाचला. तिच्या नावापुढे आकडा होता उणे २.१, आणि शेजारी छापले होते: -२.५--१.०.

या मोजमापाची रीत अशी. तरुण, निरोगी माणसाच्या हाडांची घनता शून्य मानतात. उणे १ किंवा त्याहून वर असेल तर हाडे ठीक, उणे २.५ किंवा त्याखाली गेले तर हाडे ठिसूळ. आणि या दोहोंच्या मधे असेल तर घनता कमी, पण घाबरून जाण्याजोगी अवस्था नव्हे. ही मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवून दिली. अ‍ॅप लिहिणाऱ्याला म्हणायचे होते, 'उणे २.५ ते उणे १.०'. आईने मात्र समोर जे होते तेच वाचले. उणे अडीच, वजा, उणे एक. तिने गणित सोडवले, उत्तर आले उणे दीड. म्हणजे मर्यादा उणे दीडची, आणि आपण तिच्या पार खाली घसरलो! दोन दिवस तिने कोणाला काही सांगितले नाही. जिना उतरणे बंद केले, देवघरातल्या पाटावर बसणे बंद केले. तिसऱ्या दिवशी मला फोन करून विचारते, "अरे, वजा वजा अधिकच होते ना? का तेही आता बदलले?"

आईचे गणित बिनचूक होते. चूक त्या रेघेची होती. आणि अधिक खरे बोलायचे तर माझ्यासारख्याची होती. ते अ‍ॅप माझे नव्हते, पण तसलीच ओळ मी शंभरदा लिहिली आहे. खालचा आकडा घ्यायचा, त्याला एक आडवी रेघ चिकटवायची, तिला वरचा आकडा चिकटवायचा. अर्ध्या मिनिटाचे काम. आकडे दोन्ही बरोबर असतात, म्हणून तपासणाऱ्याच्याही ते नजरेत भरत नाही.

ही सवय आली कुठून? टाइपरायटरवर आडव्या रेघेसाठी बहुधा एकच कळ असे. शब्द जोडायचे तर तीच, वजाबाकी करायची तर तीच, आणि 'पासून-पर्यंत' सांगायचे तरी तीच. १९६३ साली संगणकासाठी आस्की नावाची अक्षरांची यादी ठरली, तीतही या एकाच चिन्हावर तिन्ही कामे लादली गेली. त्या काळी जागेची टंचाई होती, हे समजू शकते. पण १९९१ पासून युनिकोड आपल्याजवळ आहे. त्यात शब्द जोडणारी छोटी रेघ वेगळी, वजाचे चिन्ह वेगळे आणि मर्यादा दाखवणारी जराशी लांब रेघ वेगळी. गरिबी गेली, पण तिची सवय काही जात नाही. घरात चार भांडी आली तरी एकाच पातेल्यात आमटी, भात आणि चहा करणाऱ्या गृहिणीला आपण काय म्हणू?

यावर कोणी म्हणेल, लांब रेघ घाला म्हणजे झाले. नाही, एवढ्याने भागत नाही. कारण प्रश्न चिन्हाचा कमी आणि भाषेचा अधिक आहे. मराठीत दोन आकडे शेजारी बसले की त्यांना स्वतःचा अर्थ येतो. 'दहा-बारा माणसे येतील' याचा अर्थ दहाच्या खाली नाहीत आणि बाराच्या वर नाहीत असा कोणी घेत नाही. नऊ आली तरी यजमान रागावत नाही आणि तेरा आली तरी भात पुरतो. दोन-चार, पाच-पंचवीस, शे-दीडशे हे सारे अदमास आहेत. मर्यादा सांगायची असली की मराठी माणूस 'ते' हा शब्द घेतो. 'अठरा ते पंचवीस वयाची मुले' असे आपण म्हणतो. 'अठरा-पंचवीस वयाची' असे कोणाच्या तोंडून मी ऐकलेले नाही. जोडी म्हणजे अंदाज आणि 'ते' म्हणजे कुंपण, इतका स्वच्छ भेद आपल्या भाषेने करून ठेवला आहे. आम्ही प्रोग्रॅमर मंडळी मात्र कुंपणाच्या जागी अंदाज ठेवतो आणि वर सांगतो की मराठीची सोय केली!

दुसरी गंमत एककांची. 'दोन ते तीन लाख' म्हणताना आपण लाख एकदाच म्हणतो, आणि ते दोन्ही आकड्यांना लागू पडते. हे पाहून एखादा हुशार माणूस नियम करतो की पहिले एकक नेहमी गाळावे. मग नव्वद हजार ते एक लाख हा पगार पडद्यावर '९०-१ लाख' असा उमटतो, आणि वाचणाऱ्याला नव्वद लाखांची स्वप्ने पडू लागतात. एकक सारखे असेल तरच गाळता येते, हे शाळकरी पोरालाही न शिकवता कळते. यंत्राला ते कोणीतरी सांगावे लागते. दोन्ही आकडे सारखेच असले तर आणखी पंचाईत. '५०० ते ५०० रुपये' असे लिहिणारा दुकानदार बाजारात हास्यास्पद ठरेल. पडद्यावर ते खुशाल चालते.

आता हे सगळे प्रत्येकाने नव्याने शोधून काढावे असे माझे म्हणणे नाही. तयार साधने आहेत. युनिकोडवाल्यांनीच भाषा-भाषांच्या चालीरीतींचे एक भांडार उभे केले आहे. मराठीत आकडे देवनागरीत दाखवावेत, स्वल्पविराम १,५०,००० असा हजारानंतर दोन-दोन अंकांवर द्यावा, या गोष्टी त्यात नोंदलेल्या आहेत. त्यावर चालणारे आयसीयू नावाचे साधन आहे. इस्पितळातल्या आयसीयूशी त्याचा संबंध नाही, जरी आमच्या कित्येक अ‍ॅप्सना तिथेच दाखल करायला हवे. २०१८ पासून या साधनात दोन आकड्यांची मर्यादा दाखवण्याची स्वतंत्र सोय आहे. एकक कधी गाळायचे, दोन आकडे सारखे निघाले तर काय करायचे, या प्रश्नांचा त्यात विचार झालेला आहे. आपण फक्त दोन आकडे आणि भाषेचे नाव द्यायचे. ते न वापरता हाताने रेघ मारणे म्हणजे घरात नळ असताना आडावर जाणे होय. आणि तेही पोहरा गळका घेऊन.

परंतु साधनाचीही मी आंधळी भलामण करणार नाही. दोन आकडे सारखे आले की ते साधन, वेगळे सांगितले नाही तर, आकड्याच्या आधी एक नागमोडी चिन्ह लावते: ~५. इंग्रजी वळणात त्याचा अर्थ 'सुमारे'. जपानी माणूस हेच नागमोडी वळण दोन आकड्यांच्या मधे घालून 'पासून-पर्यंत' म्हणतो. आणि आमच्या आळीतल्या काकूंना ती पडद्यावरची माशी वाटते. 'सुमारे पाच' म्हणायला आपल्याला शब्द आहे, 'पाचेक' म्हणायची तर त्याहून गोड सोय आहे. शिवाय त्या भांडारातला मराठीचा साचा अजून रेघेचाच आहे. तक्त्यात, चिमुकल्या चौकटीत रेघ चालेल. पण जिथे वाक्य आहे तिथे 'ते' हवे, आणि ते घालण्याचे काम आपलेच.

माझे सहकारी यावर तीन आक्षेप घेतात. पहिला, जागा नाही. 'ते' आणि त्याच्या दोन बाजूंची मोकळी जागा मिळून किती जागा खाते? जाहिरातीचा फलक अर्धा पडदा खातो, तेव्हा हे जागेचे भान कुठे जाते? दुसरा आक्षेप, जगभर असेच चालते. चालत नाही. जपानी लोक स्वतःचे चिन्ह वापरतात. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे आकडे नीट जोडले नाहीत तर पहिला कोणता नि दुसरा कोणता हेच उलटते. तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: लोकांना कळते हो! कोणत्या लोकांना? ज्यांना दिसत नाही ते पडद्यावरचा मजकूर यंत्राकडून वाचून घेतात. यंत्राने ती रेघ गिळली तर '१० १२' ऐकू येते, वजा म्हटली तर वजाबाकी होते. 'पार्सल ३-५ ला पोचेल' हे वाचून तीन ते पाच दिवस समजायचे, तीन ते पाच वाजता समजायचे, की ३ मे? लोकांना कळते याचा अर्थ लोक अंदाजाने निभावून नेतात, एवढाच. वाचणाऱ्याच्या हुशारीवर लिहिणाऱ्याने आपला आळस पोसावा, ही कुठली रीत?

मला कोणी शुद्धलेखनाचा सोटा घेऊन हिंडणारा समजू नये. 'अ‍ॅप'ला मराठी शब्द शोधा असे मी म्हणत नाही. आकडे देवनागरी असावेत की इंग्रजी, यावरही मी आज भांडायला बसलेलो नाही. माझे मागणे अगदी लहान आहे. दोन आकड्यांच्या मधे जे येते तेही वाक्यच आहे. ते लिहिण्याआधी मोठ्याने म्हणून पाहा. जे तोंडाने म्हणता येत नाही ते पडद्यावर लावू नका. आणि वाचकहो, तुम्हीही असले काही दिसले की 'आपल्यालाच कळत नसेल' म्हणून गप्प बसू नका. अ‍ॅपमधे तक्रारीची जागा असते. तिथे दोन ओळी लिहा. आमच्या धंद्यात शंभर व्याख्यानांनी जे होत नाही ते कधीकधी दहा तक्रारींनी होते.

आईला मी तो आकडा समजावून सांगितला. डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या आणि रोज फिरायला सांगितले. ती जिना आता सावकाश, पण उतरते. आकाशकंदील लावायला शिडी धरून तीच उभी होती. त्या दिवसानंतर मी माझ्या जुन्या कामातल्या असल्या ओळी शोधायला बसलो. एका अ‍ॅपमधेच सदतीस निघाल्या. अजून शोधतोच आहे.