निकालापूर्वीची मशागत

शेतकरी बांधबंदिस्ती पावसापूर्वी करतो. मुलांच्या मनाविषयी मात्र आपण निकाल लागल्यावर जागे होतो.

१८ एप्रिल २०१९ रोजी तेलंगणात इंटरमीजिएटचे निकाल लागले. पुढील काही दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आल्या. नंतर नापासांच्या उत्तरपत्रिका फिरून तपासल्या, तेव्हा हजारावर मुले उत्तीर्ण ठरली. आत्महत्येमागे एकच कारण नसते, हे आम्ही जाणतो. परंतु अशा दिवसांत मुलाजवळ बसणारे कोणीतरी हवे, हेही तितकेच खरे.

हैदराबादेत मनोरुग्णांसाठी एर्रागड्डा येथे सरकारी रुग्णालय आहे. तेथील उपचार आवश्यकच आहेत. पण लोकांनी त्या नावाची थट्टा करून ठेवली आहे. साहजिकच पालक तेथे जायला कचरतात. म्हणून पहिला आधार वस्तीतच मिळावा, असे आमचे मत आहे.

हे काम डॉक्टर नसलेली माणसे करू शकतील काय? गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये प्रयोग केला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक नेमले, तर काहींत तेच काम शिक्षकांवर सोपवले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशकांच्या शाळांतील मुलांमध्ये उदासीनता कमी आढळली. शिक्षकांवर काम सोपवलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. आमच्या मते याचा अर्थ उघड आहे. हातात छडी व गुणपत्रिका असलेल्या माणसापाशी मूल मन मोकळे करीत नाही.

तेव्हा प्रत्येक वस्तीतील दोन-तीन जाणत्या तरुण-तरुणींना व एखाद्या मावशीला निकालापूर्वीच असे शिक्षण द्यावे. त्यांनी उपदेश करू नये, ऐकावे. दोन आठवडे मुलाची झोप, भूक, मित्रमंडळी तुटलेली दिसली, तर आपणहून चौकशी करावी. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर ‘होय’ आले, तर मुलाला एकटे सोडू नये व त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो.

पालकहो, पीक बुडाले तरी जमीन राहते, पुन्हा पेरता येते. नापास मुलाला हे आपल्या तोंडून ऐकू द्या, आणि तेही निकालाच्या आधी.