स्तुतीने पुसलेली माणसे

आपल्याकडे माणूस वारला की चोवीस तासांच्या आत तो मनमिळाऊ, धर्मनिष्ठ, परोपकारी आणि सदा हसतमुख होतो. चौकात फलक झळकतो. त्यावर त्याचे छायाचित्र आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. महिन्याच्या मिस्सेला स्मरणपत्रिका वाटली जाते. तिच्यावर एक पवित्र चित्र, दोन तारखा आणि चार विशेषणे. नाव व छायाचित्र बदलले तर तोच मजकूर शेजारच्या घरातील मृतालाही चालावा, आणि पुष्कळदा तो तसा चालवलाही जातो. जळगाव असो, भुसावळ असो वा धुळे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. मला मात्र ती रीत घातक वाटते. या विशेषणांखाली आपण आपली माणसे पुरतो आहोत. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे कारणही त्यांच्याबरोबर पुरतो आहोत.

प्रथम आपल्या हाती काय उरते ते पाहू. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ५३५ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. दफनानंतरच्या नोंदीविषयी ११८२ वे कलम आहे. ही शिस्त मोलाची आहे. पण नोंदवहीच्या रकान्यांत माणूस मावत नाही. तो कोणत्या गावाहून येथे आला, का आला, कोणाच्या आधाराने राहिला, त्याच्या हाताला कोणते कसब होते, सख्ख्या भावाशी त्याचे दहा वर्षे बोलणे का नव्हते आणि ते पुन्हा कसे सुरू झाले, यासाठी तेथे रकाना नाही. तो भरण्याचे काम घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे. तेथे आपण विशेषणे भरून मोकळे झालो.

खानदेशातील कॅथोलिक समाजाला हे विशेष महाग पडणार आहे. वसईच्या भाविकांच्या पाठीशी शतकांची चर्चे आहेत, जुनी घराणी आहेत, गावेच्या गावे आहेत. आपण येथे थोडे, विखुरलेले आणि बहुतांशी बाहेरून येऊन वसलेले. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरमार्गे पुरा झाला, आणि भुसावळ हे त्यावरील मोठे ठाणे झाले. रेल्वेबरोबर गोव्याची, मंगळूरची, तामिळ मुलखातील कुटुंबे आली, अँग्लो-इंडियन चालक आले. तेव्हाच्या अहमदनगर-औरंगाबाद जिल्ह्यांतून कोणी शाळामास्तर म्हणून, कोणी परिचारिका म्हणून आले. पश्चिमेकडे सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल आणि मावची पाड्यांवर ख्रिस्ताचे नाव पोहोचले. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि हा सारा मुलूख त्यात आला. या येण्याजाण्याचा, या रुजण्याचा इतिहास ग्रंथांत फारसा नाही; तो माणसांच्या तोंडी आहे. ती माणसे एकेक करून चालली आहेत. ऐंशी वर्षांची आजी जाते तेव्हा तिच्यासोबत एका वस्तीची कहाणी जाते. आणि आपण स्मरणपत्रिकेवर छापतो, ‘प्रेमळ माता’.

कोणी म्हणेल, सामान्य माणसांच्या आयुष्यात लिहिण्यासारखे असते तरी काय? हा प्रश्न निदान खानदेशात तरी कोणी विचारू नये. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या आपल्या घरच्या बोलीत गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. आता क्षणभर कल्पना करा: मुलाने काहीच टिपले नसते, आणि आईच्या मृत्यूनंतर ‘कष्टाळू, प्रेमळ, धार्मिक वृत्तीची माउली’ एवढे छापून तो मोकळा झाला असता, तर? त्यात एकही शब्द खोटा नसता, आणि तरी बहिणाबाई कायमच्या नाहीशा झाल्या असत्या. आपल्या घरांतून अशा किती बहिणाबाई नाहीशा झाल्या, हे सांगायलाही आता कोणी उरलेले नाही.

धुळ्याची गोष्टही ध्यानात घ्यावी. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. धुळेकरांनी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले आणि त्यांनी जन्मभर गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदपत्रांच्या जतनाची सोय केली. ज्याने दुसऱ्यांच्या जुन्या कागदांसाठी देह झिजवला, त्याचे स्मारक कागद राखूनच झाले. स्मरण म्हणजे राखणे, हा धडा आपल्याच जिल्ह्यांनी घालून दिलेला आहे.

आता भाषेकडे आणि सत्याकडे वळू. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यांची आई १९१७ मध्ये गेली होती. त्या पुस्तकातील आई सदैव गोड बोलणारी देवता नाही. भित्रा मुलगा पोहायला जात नाही म्हणून त्याला मार देणारी, गरिबीने आणि अपमानाने खचणारी बाई आहे. म्हणूनच ती लाखो घरांची आई झाली. आपल्या ख्रिस्ती वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे स्थान असेच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, येथून त्या पुस्तकाचा उगम झाला. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा संतापी स्वभाव लपवला नाही, न सांगता घर सोडून जाणे लपवले नाही, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे लपवले नाही. पानापानावर त्या नवऱ्याशी भांडतात. त्यामुळे टिळक लहान झाले काय? उलट टिळक नावाचा जिवंत माणूस आज आपल्याला भेटतो तो त्या भांडणांमुळेच. टिळकांच्या घरी वावरलेले धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकात गाडीखाली सापडून गेले, तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्यांची कविता शाळेतून सर्वांनाच भेटते. पण घरातला ठोमरे आपल्याला ठाऊक आहे तो लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने आणि मोकळ्या मनाने लिहून ठेवला म्हणून.

येथे एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो श्रद्धावंतांकडून येईल. मृतासाठी प्रार्थना करावी, मिस्सा अर्पावी. देवाला सारे ठाऊक आहे, मग ही लिखापढी कशाला? शिवाय अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचनाच्या जागी मृताचे गुणगान करू नये, असा ख्रिस्तसभेचा दंडकच आहे. दंडक खरा आहे, आणि तो अगदी योग्य आहे. वेदीपाशी ख्रिस्ताच्या मरणाची व पुनरुत्थानाची घोषणा व्हावी. तेथे कोणाच्या देणग्यांची यादी वाचली जाऊ नये. मात्र त्याच विधीत, अखेरचा निरोप देण्यापूर्वी आप्तांपैकी कोणी मृताच्या आठवणीचे चार शब्द बोलावेत, यालाही मुभा आहे. म्हणजे ख्रिस्तसभेचा विरोध स्तुतीला आहे, स्मरणाला नाही. आपण नेमके उलटे केले. स्मरण टाकले आणि स्तुती ठेवली.

त्या स्तुतीने श्रद्धेचे काय केले ते पाहा. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी आपण जाहीर करतो की अमुक प्रभूच्या कुशीत विसावले, स्वर्गातून आपल्यावर कृपादृष्टी ठेवून आहेत. तसे असेल तर आठव्या दिवसाची मिस्सा कोणासाठी? महिन्याची कशासाठी? नोव्हेंबरभर कबरीवर मेणबत्त्या लावून आपण कोणाच्या शुद्धीची याचना करतो? संतपद देण्यापूर्वी ख्रिस्तसभा वर्षानुवर्षे चौकशी करते. आपले फलक रंगवणारे ते काम एका रात्रीत उरकतात. निर्दोष माणसाला प्रार्थनेची गरज नसते. ज्याला आपण निर्दोष ठरवले, त्याच्यासाठी आपली प्रार्थना हळूहळू उपचार होते आणि मग थांबते.

धर्मग्रंथ काय सांगतो? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यहूदाचे सैनिक रणात पडलेल्यांना पुरावयास जातात, तेव्हा प्रेतांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडतात. यहूदा ती गोष्ट झाकत नाही. तो चांदीचे दोन हजार द्राख्मा गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. मृतांसाठी प्रार्थनेचा हा आपला थोर आधार. आणि त्याच्या मुळाशी मृतांच्या दोषाची उघड नोंद आहे. दोष कळला म्हणून प्रार्थना झाली. संत ऑगस्टिन यांनीही हेच केले. त्यांची आई मोनिका ३८७ मध्ये रोमजवळ ऑस्तिया येथे वारली. माझा देह कोठेही पुरा, मात्र प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. सुमारे दहा वर्षांनी लिहावयास घेतलेल्या ‘कन्फेशन्स’मध्ये ऑगस्टिन तिच्या अश्रूंबरोबर तिची लहानपणी चोरून द्राक्षारस पिण्याची खोडही सांगतात, बापाचा तापट स्वभाव आणि व्यभिचारही सांगतात, आणि शेवटी दोघांची नावे लिहून वाचकांना विनवतात की वेदीपाशी यांची आठवण ठेवा. संत असलेल्या मुलाला आपल्या आईविषयी खरे लिहिण्याची लाज वाटली नाही. आपल्यालाच एवढी लाज का वाटावी?

मेलेल्याविषयी वाईट बोलू नये, हे मलाही मान्य आहे. निंदा वेगळी आणि सत्य वेगळे. जिवंत माणसाला इजा होईल, एखाद्या घराची अब्रू जाईल असे काही लिहू नये. चांगल्या नावाचा हक्क ख्रिस्तसभेचा कायदाही राखतो. परंतु आजोबा दारू प्यायचे आणि मग मुलीच्या लग्नानंतर त्यांनी कधी पेल्याला हात लावला नाही, हे लिहिणे म्हणजे निंदा नव्हे. ती देवाच्या कृपेची साक्ष आहे. ‘सन्मार्गी गृहस्थ’ असे लिहून आपण आजोबांची लढाई पुसतो आणि देवाने त्यांना दिलेला विजयही पुसतो.

हे लिहिण्यास पंडिताची भाषा नको. घरी ‘कथा चालना?’ म्हणून हाक मारणाऱ्या बापाचे चरित्र ‘त्यांचे व्यक्तिमत्त्व बहुआयामी होते’ अशा भाषेत लिहिले की तो बाप परका होतो. त्याची अहिराणी तशीच लिहावी, पाड्यावरच्या आजीची भिली तशीच लिहावी. रेल्वेच्या शेडमध्ये कोणते काम केले, पहिल्या पगाराचे काय केले, वांग्याचे भरीत कसे करीत, रोझरी म्हणताना कोठे डुलकी लागे, कोणाचे पैसे बुडवले, कोणाचे न मागता फेडले: असे लिहावे. एक पान पुरे.

आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांनी आपल्यावर एक ऋण ठेवले आहे. २०२० च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील मृत्युदराची चर्चा देशभर होत होती. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कित्येकांना तेवढीही लाभली नाहीत. ना घरी प्रार्थना, ना भरलेल्या चर्चमध्ये मिस्सा, ना कबरीवर मूठभर माती टाकण्यास मुले. पहिल्या महायुद्धात माणसे अशीच मोठ्या संख्येने मरत असताना १९१५ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी प्रत्येक धर्मगुरूला २ नोव्हेंबर रोजी तीन मिस्सा अर्पण्याची मुभा दिली. मरण वाढले तसे ख्रिस्तसभेने स्मरण वाढवले. आपण काय वाढवले? मोबाइलवरचे हात जोडलेले चित्र.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक धर्मग्रामात मृत्युनोंदवहीच्या शेजारी एक जाड, बांधीव जीवनवही असावी. ज्या घरात मृत्यू झाला त्याने वर्षाच्या आत एक पान लिहून द्यावे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे तरुण मंडळींनी ऐकून टिपावे. आरंभ करोनाकाळातील मृतांपासून करावा, कारण त्यांचे साक्षीदारही आता वृद्ध होत आहेत. २ नोव्हेंबरला मिस्सेनंतर दफनभूमीत त्या वर्षीची पाने वाचली जावीत आणि प्रत्येक पानानंतर त्या माणसासाठी, त्याच्या गुणांसह आणि त्याच्या चुकांसह, एक प्रार्थना व्हावी. यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही. फलकाच्या खर्चात शंभर वह्या येतात.

येत्या नोव्हेंबरात आपण पुन्हा कबरी झाडू, फुले वाहू, मेणबत्त्या लावू. ते करावेच. परंतु मेणबत्ती लावणाऱ्या नातवाने ‘हे कोण होते?’ असे विचारले, तर त्याच्यासाठी आपल्याजवळ चार विशेषणांपलीकडे उत्तर असले पाहिजे. ज्याला उत्तर मिळेल तो नातू त्या माणसासाठी प्रार्थना करील. ज्याला मिळणार नाही, तो पुढच्या वर्षी येणार नाही.