आभाळातील फुगा आणि जमिनीवरील घाई

२०२३ च्या फेब्रुवारी महिन्यात, ४ तारखेपासून १२ तारखेपर्यंतच्या अवघ्या नऊ दिवसांत, अमेरिकेच्या लढाऊ विमानांनी उत्तर अमेरिकेच्या आकाशात चार वस्तू पाडल्या. त्यांपैकी पहिली चीनची होती, हे खुद्द चीननेच मान्य केले. उरलेल्या तीन कोणाच्या होत्या हे पाडणाऱ्यांना पाडताना ठाऊक नव्हते आणि पाडल्यानंतरही कळले नाही. ही हकीकत जुनी झाली असे म्हणून बाजूस सारण्यासारखी नाही. २०२५ च्या शरदात बेलारूसमधून चोरट्या सिगारेटी घेऊन वाऱ्याबरोबर येणाऱ्या फुग्यांनी लिथुआनियाची राजधानी व्हिल्निअस येथील विमानतळ वारंवार बंद पाडला, त्या सरकारने सरहद्दीची नाकी काही आठवडे बंद ठेवली आणि यापुढे फुगे पाडण्याचा इरादा जाहीर केला. ओळख न पटलेल्या, उलट बोलू न शकणाऱ्या आणि वाऱ्यावर चालणाऱ्या वस्तूवर शस्त्र केव्हा उगारावे, हा प्रश्न त्यामुळे अजून संपलेला नाही. आणि तो आपल्याही दाराशी कधीतरी येणारच आहे.

पहिल्या फुग्याचा प्रवास वाचकांना आठवत असेल. २८ जानेवारीस तो अलास्काच्या आकाशात शिरला, कॅनडावरून सरकत ३१ तारखेस आयडाहो राज्यावर पुन्हा अमेरिकेत उतरला आणि १ फेब्रुवारीस मोंटाना राज्यातील बिलिंग्ज शहराच्या लोकांना डोळ्यांनी दिसला. याच राज्यात माल्मस्ट्रॉम हा हवाई तळ असून अण्वस्त्रधारी मिनिटमन क्षेपणास्त्रांची भुयारे तेथील माळरानात विखुरलेली आहेत. दोनशे फूट उंचीचा फुगा, त्याखाली दोन हजार पौंडांहून अधिक वजनाची यंत्रसामग्री आणि मार्ग असा. संशय यावयास याहून अधिक काय हवे? अध्यक्ष बायडेन यांनी तो पाडण्याची आज्ञा दिली, परंतु सेनाधिकाऱ्यांनी सल्ला दिला की खाली माणसे आहेत तोवर थांबावे. तो सल्ला मानला गेला. ४ फेब्रुवारीस, फुगा दक्षिण कॅरोलायनाचा किनारा ओलांडून सुमारे सहा सागरी मैल समुद्रावर गेल्यावर, एफ-२२ विमानाने ५८ हजार फुटांवरून एक साइडवाइंडर क्षेपणास्त्र सोडले आणि ते प्रकरण पंचेचाळीस-पन्नास फूट खोल पाण्यात जाऊन पडले. त्या विमानास त्या दिवशी जे सांकेतिक नाव देण्यात आले होते, ते पहिल्या महायुद्धात १४ जर्मन फुगे पाडणाऱ्या फ्रँक ल्यूक या वैमानिकाच्या स्मरणार्थ होते. सेनादलांनाही नाटकाची हौस असते!

या चार दिवसांच्या विलंबाबद्दल अमेरिकेत केवढे काहूर माजले! विरोधी पक्षाने अध्यक्षांस भित्रे ठरविले आणि दूरदर्शनच्या पडद्यावर रोज नवे रणधुरंधर उगवू लागले. आम्हांस मात्र वाटते की या संपूर्ण प्रकरणात शहाणपणाची म्हणून जी कृती झाली, ती हा विलंबच होय. साठ हजार फुटांवरून टनभर धातू खाली आला तर तो कोणाच्या छपरावर पडेल हे कोणत्याही सेनापतीस आधी सांगता येत नाही. अवशेष समुद्रावर सात मैलांच्या पट्ट्यात विखुरले होते. हाच पट्टा एखाद्या वस्तीवर कल्पून पाहावा. शिवाय फुगा वर होता तोवर तो काय करतो, कोणत्या लहरींवर बोलतो, हे वरून विमाने पाठवून पाहता येत होते. त्याच्या मार्गावरील तळांना आपापली गुपिते झाकून घेता येत होती. फोडलेल्या फुग्यापासून जे कळते त्याहून उडणाऱ्या फुग्यापासून अधिक कळते, हा साधा हिशेब होता. तो ज्यांनी केला त्यांना लोकांच्या टाळ्या मिळाल्या नाहीत, इतकेच.

फुगा पाडणे ही पोरखेळाची गोष्ट आहे असा जो सर्वसाधारण समज असतो, तोही खरा नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातून ओझोन वायूच्या संशोधनासाठी सोडलेला एक फुगा हाताबाहेर गेला. कॅनडाच्या दोन लढाऊ विमानांनी त्यावर वीस मिलिमीटर तोफांच्या हजारावर गोळ्या झाडल्या. फुगा डुलत डुलत अटलांटिक ओलांडून गेला आणि अखेर फिनलंडच्या एका बेटावर आपल्या सोयीने उतरला. कारण असे की, हे फुगे मुलांच्या फुग्यांसारखे ताणलेले नसतात. त्यांच्या आतील आणि बाहेरील दाब जवळपास सारखाच असतो. गोळीने पडलेल्या भोकातून हेलियम वायू झिरपतो, एकदम सुटत नाही. त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या दहाव्या हिश्शाहूनही विरळ. तेथे लढाऊ विमानासच आपला तोल सांभाळण्याची पंचाईत असते, आणि ज्यावर नेम धरावयाचा ती वस्तू जवळजवळ स्थिर असते. म्हणून चार लाख डॉलरांहून अधिक किमतीचे क्षेपणास्त्र वापरावे लागले.

येथवर जे झाले ते समजण्यासारखे होते. पुढील आठवड्यात जे झाले त्यास आम्ही साप म्हणून भुई धोपटणे म्हणतो. १० फेब्रुवारीस अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर लहान मोटारीएवढी एक वस्तू, ११ तारखेस कॅनडाच्या युकॉन प्रदेशावर दुसरी, आणि १२ तारखेस ह्यूरॉन सरोवरावर अष्टकोनी आकाराची तिसरी अशा तीन वस्तू पाठोपाठ पाडण्यात आल्या. शेवटच्या वेळी पहिले क्षेपणास्त्र नेम चुकून सरोवरात पडले आणि दुसरे सोडावे लागले. समर्थन असे दिले गेले की या वस्तू वीस ते चाळीस हजार फुटांवर, म्हणजे प्रवासी विमानांच्या वाटेत होत्या. हे समर्थन अगदीच पोकळ नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील यूटा राज्यावर ३६ हजार फुटांवर एका प्रवासी विमानाच्या वैमानिकापुढील काच हवामानाच्या एका खाजगी फुग्याच्या धडकेने तडकली, हे उदाहरण ताजेच आहे. परंतु असे फुगे त्या आठवड्यापूर्वीही आकाशात होते आणि नंतरही राहिले. क्षेपणास्त्रे मात्र त्याच तीन दिवसांत सुटली. चारच दिवसांनी, १६ फेब्रुवारीस, अध्यक्षांनी स्वतःच सांगितले की या तिन्ही वस्तू बहुधा खाजगी कंपन्यांच्या, हौशी मंडळींच्या किंवा संशोधन संस्थांच्या असाव्यात. पुढे शोधही थांबविण्यात आला. इलिनॉय राज्यातील हौशी लोकांच्या एका मंडळाचा, पृथ्वीप्रदक्षिणा करीत असलेला चिमुकला फुगा नेमका त्याच सुमारास अलास्काजवळून बेपत्ता झाला. युकॉनवर पडला तो हाच, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण असे फुगे फार तर शे-दोनशे डॉलरांत होतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मग एकाएकी आकाश असे अनोळखी वस्तूंनी भरून कसे गेले? याचे उत्तर आकाशात नव्हते, रडारच्या पडद्यावर होते. रडारला जे जे दिसते ते सारे पहारेकऱ्यास दाखविले तर पक्षी, ढग आणि कचरा यांतच त्याची दृष्टी हरवेल. म्हणून फार हळू सरकणाऱ्या वस्तू गाळून टाकण्याची योजना त्यात असते. तिचा रोख विमान आणि क्षेपणास्त्र यांवर असतो. पहिला फुगा दिसल्यानंतर ही चाळणी सैल करण्यात आली. याच काळात उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचे प्रमुख जनरल व्हॅनहर्क यांनी हेही कबूल केले की यापूर्वीचे असे काही फुगे आपल्या यंत्रणेच्या नजरेतून निसटले होते. नजर तीक्ष्ण केली हे योग्यच झाले. पण नजर वाढली त्या मानाने ओळख वाढली नाही, आणि या दोहोंमधील रिकामी जागा क्षेपणास्त्रांनी भरून काढली गेली. चूक झाली ती येथे. लोकक्षोभ आणि वृत्तपत्री गलबला यांनी सरकारास एकदा ‘उशीर केलास’ म्हणून हिणविले की पुढच्या वेळी ते सरकार उशीर न करण्याचीच काळजी घेते. विचार करण्याची घेतेच असे नाही.

चीनच्या वर्तनाविषयी आम्हांस सहानुभूती नाही. आपले हवामान-संशोधनाचे नागरी यान वाऱ्यामुळे भरकटले, असा खुलासा करून त्याने ३ फेब्रुवारीस खेद व्यक्त केला. पण टनभर यंत्रे घेऊन जाणारे यान दुसऱ्याच्या सरहद्दीकडे सरकत असताना शेजाऱ्यास पूर्वसूचना द्यावी, एवढे सौजन्य त्याने दाखविले नव्हते. फुगा पाडला गेल्यावर अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी दूरध्वनी केला तो चिनी संरक्षणमंत्र्यांनी घेतला नाही. ज्या घटकेस बोलणे अत्यंत अगत्याचे, नेमक्या त्याच घटकेस मौन!

तथापि ‘हवामान-संशोधन’ हा मुखवटा पेकिंगने शोधून काढला असे समजणाऱ्या अमेरिकन नागरिकांनी आपल्याच देशाचा इतिहास चाळावा. १९५६ च्या आरंभी अमेरिकेने युरोपातून आणि तुर्कस्तानातून पाचशेहून अधिक फुगे कॅमेरे बांधून सोव्हिएत रशियावर सोडले होते, आणि ते हवामान पाहण्यासाठी आहेत असेच जगास सांगितले होते. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी मॉस्कोने निषेधाचा खलिता धाडला आणि पाडलेले फुगे पत्रकारांपुढे मांडले. आयसेनहॉवर यांना ती मोहीम आवरती घ्यावी लागली. अमेरिकेच्या हाती परत लागलेल्या कॅमेऱ्यांची संख्या पन्नाशीच्या आतच होती. रशियाने मात्र आपल्या हाती लागलेल्या फुग्यांतील चित्रफीत जपून ठेवली आणि १९५९ साली चंद्राच्या मागील बाजूची पहिली छायाचित्रे तिच्यावर टिपली. १ मे १९६० रोजी यू-२ विमान पडले तेव्हाही पहिला खुलासा हवामान-संशोधनाचाच होता. वैमानिक जिवंत सापडल्यावर तो मागे घ्यावा लागला आणि पॅरिसची शिखर परिषद मोडली. हेरगिरी सारेच करतात म्हणून ती क्षम्य ठरते असे आम्ही म्हणत नाही. परंतु संतापाचे मोजमाप मात्र प्रत्येकाने आपल्या जुन्या वहीवरून करावे.

कायदा काय सांगतो? १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य स्वामित्व मान्य केले आहे. वैमानिकाविना उडणारे यान खास परवानगीखेरीज दुसऱ्याच्या आकाशात नेता येत नाही. तेव्हा चिनी फुगा घुसखोरच होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी रशियाने कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ माणसे मारली. त्यानंतर उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये असे कलम त्या करारास जोडण्यात आले. निर्मनुष्य फुग्याच्या बाबतीत मात्र कायदा जवळजवळ मुका आहे. पाडण्याचा हक्क आहे. पाडण्यापूर्वी काय करावे याची रीत नाही.

आणि एवढे करून पदरात काय पडले? २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच सांगितले की अमेरिकेवरून जाताना त्या फुग्याने माहिती गोळा केली नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. परराष्ट्रमंत्री ब्लिंकन यांची पेकिंगभेट मात्र फुग्यामुळे चार महिने लांबली, आणि दोन्ही सैन्यांमधील बोलणी पूर्ववत करण्याचे ठरावयास त्या वर्षीचा नोव्हेंबर उजाडला. जगातील दोन सर्वांत बलाढ्य सैन्ये तैवानच्या पाण्यात समोरासमोर वावरत असताना त्यांच्यातील बोलणे इतके महिने बंद राहावे, याची किंमत एका क्षेपणास्त्राच्या किमतीने मोजता येणार नाही.

आता आपल्याकडे वळू. २०२२ च्या जानेवारीत तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरवर, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमवर, आकाशात एक पांढरा गोळा लोकांनी पाहिला आणि त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. अंदमान-निकोबारचे स्थान मलाक्काच्या तोंडाशी. तेथील आकाशात काय तरंगते हा कुतूहलाचा विषय नव्हे. २०२४ च्या ऑक्टोबरात वृत्त आले की आपल्या हवाई दलाने राफेल विमानातून सुमारे ५५ हजार फुटांवरील सरावाचा फुगा पाडून पाहिला. सामर्थ्य असावे, आणि ते आधी तपासून ठेवावे, हे उत्तमच झाले. पण आपले आकाश केवळ हेरांचे नाही. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र कित्येक दशके चालू आहे. २००१ च्या जानेवारीत तेथूनच सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटरपर्यंत चढून, डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी यांच्यासाठी सूक्ष्मजंतूंच्या शोधार्थ हवेचे नमुने आणले होते. तेलंगणात आणि लगतच्या महाराष्ट्र-कर्नाटकातील जिल्ह्यांत यंत्रे पडली तर हात लावू नका, कळवा, अशा जाहीर सूचना ही संस्था देत असते. साध्या डोळ्याला हा फुगा आणि हेराचा फुगा यांत काय फरक दिसणार?

दुसरी आठवण अधिक अवघड आहे. ९ मार्च २०२२ रोजी आपलेच एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटके असती, अथवा पलीकडच्या अधिकाऱ्याने घाई केली असती, तर आज हा लेख लिहिण्याची स्थिती राहिली नसती. दोन दिवसांनी आपण खेद व्यक्त केला आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढण्यात आले. त्या दिवशी पलीकडून जो संयम आपल्यास मिळाला, त्याची अपेक्षा उद्या आपल्याकडूनही होईल.

म्हणून संरक्षणमंत्र्यांनी तपशिलाची गुपिते राखूनही काही गोष्टी संसदेपुढे स्पष्ट कराव्यात. अनोळखी, निर्मनुष्य वस्तू आपल्या हद्दीत आल्यास ती ओळखण्याची जबाबदारी कोणाची आणि पाडण्याची आज्ञा कोणत्या पातळीवरून सुटणार? नागरी विमानोड्डाण खाते, हवामान खाते आणि संशोधन संस्था यांच्या फुग्यांची नोंद हवाई दलाच्या पडद्यावर त्याच क्षणी पोहोचते काय? आणि चीन व पाकिस्तान या दोन्ही शेजाऱ्यांशी सेनाधिकाऱ्यांचे जे दूरध्वनी आहेत, त्यांवरून फुग्यांची आणि भरकटलेल्या यानांची पूर्वसूचना देण्या-घेण्याचा करार करण्याचा प्रयत्न सरकार करणार आहे काय? क्षेपणास्त्र-चाचण्यांची आगाऊ सूचना भारत आणि पाकिस्तान २००५ च्या करारान्वये एकमेकांस देतात. त्या करारात एका कलमाची भर घालण्यास फार मोठी मुत्सद्देगिरी लागू नये.